लाईटचा विटाळ

आईच्या गर्भाशयात गाठ निघाली आणि आमच्या घरात कोबाल्ट हा शब्द आला. मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होते. आमच्या मुर्धा गावातून कॉलेजला जाणाऱ्या मुली फारशा नव्हत्या, त्यामुळे मला सगळं कळतं अशी घरात समजूत होती. खरं सांगायचं तर माझीही होती. मुंबईच्या हॉस्पिटलात आईला कोबाल्टच्या यंत्राखाली निजवायचे. त्याला सगळे ‘लाईट देणं’ म्हणायचे. लाईट घेऊन आम्ही दोघी भाईंदरला उतरायचो आणि टांग्याने मिठागरांच्या कडेकडेने घरी यायचो.

घरी वहिनी होती आणि तिचा तान्हा मुलगा. तिचं पहिलं मूल महिन्याभराचं होऊन गेलं होतं, त्यामुळे याला ती डोळ्यांत तेल घालून जपायची. विहिरीवर कुणीतरी तिच्या मनात भरवलं, की लाईटमध्ये ॲटमबॉम्बमधलंच विष असतं आणि ते माणसाच्या अंगात राहतं. झालं! आई ओटीवर बसू लागली. ताट वेगळं, तांब्या वेगळा, गोधडी वेगळी. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत बाहेर बसायची सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली होती. हा विटाळ कधी फिटणार एवढंच तिला ठाऊक नव्हतं. बाळ आत रडलं की ती अर्धवट उठायची आणि परत बसायची.

माझं डोकं फिरलं. एका दुपारी मी दोघींना समोर बसवलं आणि सारवलेल्या ओटीवर खडूने अणू काढला. मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले. लांब बाहेर इलेक्ट्रॉन. बाकी सगळं रिकामं. कोबाल्टच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्तीचा घुसवला की ते केंद्रकाला सोसत नाही. मग एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि उरलेली ऊर्जा किरण होऊन निघते. इलेक्ट्रॉन यंत्रातल्या धातूतच अडतो. किरण तेवढे आईच्या अंगात शिरतात, तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात आणि गाठीतल्या पेशी मारतात. यंत्र बंद केलं की संपलं.

“कंदील विझवल्यावर भिंतीत उजेड राहतो का?” मी विचारलं.

“पन जे दिसतच न्हाय, ते गेलं हे तरी कसं दिसनार?” वहिनी म्हणाली.

“दिसायला कशाला हवं? पुस्तकात लिहिलंय!” मी खेकसले. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती आत निघून गेली.

आई अजून त्या चित्राकडे बघत होती. “समजलं गो मला,” ती म्हणाली. “माझ्यात कायपन राहत न्हाय.”

“मग घे ना त्याला मांडीवर!”

“आनि उद्या त्याला नुसता ताप आला तर? तिचं एक गेलंय. जन्मभर ती म्हनल, म्हातारीनं हात लावला म्हनून.”

यावर माझ्याकडचा एकही प्रोटॉन उपयोगाचा नव्हता. मला त्या दोघींचा राग आला, आणि आईसाठी जीव इतका तुटला की मागच्या दारी जाऊन मी ढसाढसा रडले.

लाईट संपली, गाठ संपली नाही. बाळ रांगू लागलं. ते ओटीच्या उंबऱ्यापर्यंत यायचं, आई लांबूनच टाळ्या वाजवून त्याला हसवायची, आणि वहिनी येऊन त्याला उचलून न्यायची. पुढे पुढे आईला टाळ्या वाजवणंही जमेना. भातकापणीच्या सुमारास ती गेली.

तिला आंघोळ घालून अंगणात ठेवलं, तेव्हा वहिनी बाळाला घेऊन बाहेर आली. हुंदके देत तिने त्याला आईच्या पायांवर ठेवलं.

“घे गो आये, तुझा नातू,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “आता न्हाय ना काय होत?”

आदल्या दिवशी त्या देहात जे अणू होते, तेच आताही होते. मी नाही म्हणून मान हलवली. बाळाने आईच्या पायाचा अंगठा मुठीत धरला होता. आम्ही तो सोडवायला गेलो, तेव्हा ते रडू लागलं.