काकीच्या विहिरीतलं डिझेल

जमिनीखाली तेल कसं सरकतं, हे सांगण्यावर मी आयुष्यभर पोट भरलं. भर समुद्रातल्या तेलविहिरींवर भूवैज्ञानिकाची नोकरी. काही दिवस पाण्यावर, काही दिवस शिरोड्याला घरी. त्यामुळे धाकट्या भावाने माझ्याच विषयातलं विचारलं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

त्याच्या पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी आहेत. त्यांच्या डिझेलची टाकी त्याला काकीच्या घरामागच्या परड्यात, तिच्या विहिरीच्या वरच्या अंगाला पुरायची होती. तिथे जांभ्याखाली पांढरी चिकणमाती आहे.

"दादा, त्या मातयेतसून पाणी जाणा नाय, मगे त्याल जातला काय रे?"

मी पडवीत बसून नीट समजावलं. चिकणमातीतल्या फटी इतक्या बारीक असतात की तेल त्यांत अडून बसतं. पण मागून दाब येत राहिला तर माती चिरूनही ते पुढे सरकतं. खोल खडकात या प्रवासाला लाखो वर्षं लागतात. परड्यात एवढं थांबायची गरज नाही, मेलेल्या माडांच्या मुळांची भोकं आहेतच. "विहिरीजवळ पुरू नकोस," मी स्पष्ट सांगितलं. तो "बरां" म्हणाला. मी कामावर निघून गेलो.

पुढच्या वर्षी एका सुट्टीत बऱ्याच महिन्यांनी काकीकडे गेलो. तिने दिलेला चहा तोंडात घेतला आणि थुंकला. विहिरीत डोकावलो. पाण्यावर रंगीत तवंग होता. वरच्या अंगाला टाकी पुरलेली, आणि तिच्यातून वर आलेल्या नळीचा सांधा पाझरत होता.

शेजाऱ्याने मग सगळं सांगितलं. आमच्याकडे जमिनीला पहार लावण्याआधी राखणदाराला, म्हणजे त्या जागेच्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, मोठ्याने साकडं घालतात. भावाने सगळ्यांसमोर, हात जोडून घातलं होतं: "बा राखणदारा म्हाराजा, माझ्या मोठ्या भावान ही जागा बघून दिल्यान हा. एक थेंब खंय जावचो नाय. सांभाळ कर रे म्हाराजा!" आणि जमलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यांत काकीही होती.

मी भावाला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "तुझा नाव घेतलंय नसतंय तर काकीन जागा दिल्यान नसती."

एवढं सरळ! माझं 'नाही' दाबून टाकून त्याने माझ्याच नावाने हो म्हटलं, तेही देवासमोर. ज्याला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, त्याने.

काकीला मी सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"पाण्याक वास येय होतो," ती म्हणाली. "माका वाटला माझ्याच नाकाक काय तरी झाला. तुझा नाव होता, म्हणान गप रवलंय."

"पण मी नको म्हटलं होतं, काकी!"



"तेना राखणदाराक सांगितल्यान," ती म्हणाली. "तू कोणाक सांगितलंस रे?"

मग तिने रिकामी कळशी उचलली आणि शेजाऱ्याच्या विहिरीकडे निघाली. मी कळशी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही.