कंजूष घरमालकाचं नाक

जुन्या विनोदी मासिकांचे बांधीव खंड गोळा करायचा मला नाद आहे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, रद्दीत सापडेल ते. अबूधाबीला आलो तेव्हा बायकोने भांडी आणली आणि मी हे खंड. त्यावरून ती अजून मला टोमणे मारते.

या खंडांत एक माणूस सारखा भेटतो. आकड्यासारखं वाकलेलं नाक, जाड ओठ, नाण्यांवर फाकलेली बोटं. हा तिथल्या चित्रकारांचा ज्यू. लोक त्याला बघून पोट धरून हसायचे आणि मग शेजारच्या खऱ्या ज्यूकडेही तसंच बघायचे. त्या हसण्याचं पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. तेच नाक बोटीने आपल्याकडेही आलं असणार. कारण आपल्या जुन्या विनोदी अंकांतल्या कित्येक सावकारांना, पगडीखाली, मी ते बघितलंय.

आमच्याच मजल्यावरच्या ताई एकदा विरजण मागायला आल्या. सहज एक खंड उघडला, एक पान बघितलं आणि मिटून ठेवला.

“आम्ही ज्यूच, सर,” त्या म्हणाल्या. “अलिबागकडचे. आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा.”

मी थक्क झालो. त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे, बोलणं अस्सल कोकणी, त्यामुळे इथल्या मराठी मंडळात कुणाला कधी शंकाच आली नाही. गणपतीत आरतीचं ताट लोक हौसेने त्यांच्या हातात देतात.

“युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून जीव मुठीत धरून असते,” त्या म्हणाल्या. “मंडळात बोलू नका.” मी शब्द दिला.

या वर्षी मंडळाच्या दिवाळी अंकाचा विषय होता घरभाडं. आम्ही राहतो त्या मोहम्मद बिन झायद सिटीत भाडं हा सगळ्यांचाच दुखरा दात. बैठकीत सेक्रेटरीने मुखपृष्ठ दाखवलं. ताईही होत्या. त्याने मोबाइलवरच्या, चित्रं बनवून देणाऱ्या एआय ॲपला ‘कंजूष घरमालक, फनी’ एवढंच लिहून दिलं होतं. पडद्यावर माझ्या खंडांतला तोच माणूस उभा होता. तेच नाक, तीच बोटं. या वेळी ते कुणी काढलंही नव्हतं, भांडायचं तरी कुणाशी?

“हे छापू नका,” मी म्हणालो.

“का, सर? एकदम मस्त आलंय!”

मी शंभर वर्षांचा इतिहास सांगायला लागलो. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे लांबलंच. कुणी घड्याळ बघितलं, कुणी समोसा उचलला.

“सर, बट इथे कोण ज्यू आहे?” सेक्रेटरी हसत म्हणाला. “किसको हर्ट होणार? शारजाच्या प्रेसला फाइल आज द्यायचीय, यल्ला, चला लवकर.”

एका वाक्यात त्याचं तोंड बंद करता आलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि ते माझं नव्हतं. इतकं लाचार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

“ताई, तुम्ही सांगा,” सेक्रेटरी त्यांच्याकडे वळला. “हसू येतं की नाही?”

ताईंनी चष्मा लावला. चित्र नीट बघितलं.

“येतं की,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. सगळेच हसले.

“खलास! फायनल,” सेक्रेटरी म्हणाला.

परत येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. माफी मागावी तर कशाची, तेच कळेना. मजला आला तेव्हा त्याच बोलल्या.

“सर, बोलताना तुम्ही सारखं माझ्याकडे बघत होतात. पुढच्या वेळी बघू नका.”