वच्छलाचा उलट टाका

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तो गेला. सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं — आणि दर वेळी बाहेर काय पडलं? "चहा ठेवू का?" तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच आज जमतंय बहुतेक.

आमच्या मोहल्ल्यातल्या बायका मला फार मोठ्या मनाची समजतात, हे आधी सांगून टाकते. "विधवा नणंदेला जन्मभर सांभाळलं हो यांनी, पोरीसकट!" मी मान खाली घालून ऐकून घेते. ऐकताना बरं वाटतं — खोटं कशाला बोलू? घरी आल्यावर मात्र स्वतःचीच शिसारी येते.

वच्छला माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. उमरेडला दिली होती, विणकरांच्या घरात. नवरा तापानं गेला, सासरच्यांनी माग विकून टाकला, आणि ती लहानग्या पोरीला कडेवर घेऊन नागपूरला आमच्या दारात आली. सत्तर सालानंतरची गोष्ट. नवरा हिंगण्याच्या कारखान्यात, त्याची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. मी एका कचेरीत टायपिस्ट. दोन लहान मुली, सासू हयात नाही. कामावरून आले की आधी चूल, मग भांडी, मग मुलींची रडारड — जीव मेटाकुटीला यायचा माझा.

वच्छला आली आणि घराची घडी बसली. मुली न्हाऊनमाखून तयार, स्वयंपाक झालेला, मी हातपाय धुऊन आयत्या ताटावर बसायची. या सुखाची सवय कधी लागली ते कळलंच नाही. — नाही, हे खोटं आहे. चांगलं कळलं होतं. मला ते सुख हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

गांधीबागेत तेव्हा एक बाई लोकरीचं दुकान चालवायची. घरबसल्या स्वेटर विणणाऱ्या बायकांना ती काम द्यायची. तिची रीत अशी, की आधी वीतभर पट्टी विणून न्यायची — एक ओळ सुलट, एक ओळ उलट. पट्टी पसंत पडली तर काम. नाही पडली तर त्या बाईला ती पुन्हा दुकानाच्या पायरीवर उभं करत नसे. वच्छलानं हे कुठूनतरी ऐकलं आणि माझ्यामागे लागली. मला विणता येत होतं ना!

"वहिनी, मले शिकवा ना. काम भेटलं तर तिकडंच एखांदी खोली पाहीन, पोरीले घेऊन राहीन. किती दिवस दादाच्या जिवावर बसू?"

मी हो म्हटलं. हसून म्हटलं. पण मनात एकच आलं — ही गेली तर माझं कसं होणार? त्या क्षणी मी तिचा विचार केला का? तिच्या पोरीचा केला? नाही. मी माझ्या खरकट्या भांड्यांचा विचार केला.

दिवाळी होऊन गेली होती. रविवारी दुपारी आम्ही अंगणात उन्हाला बसलो. सुलट टाका ती बघता बघता शिकली, सुतात वाढलेली बोटं तिची. मग उलट. आता हे नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. उलट टाका घालायच्या आधी लोकर सुईच्या मागून पुढे घ्यावी लागते. बस, एवढंच. ती मागेच राहिली तर सुईवर जादा वेढा पडतो, टाके वाढत जातात, पट्टीला भोकं पडतात. कोणत्याही शाळकरी पोरीला हे पहिल्या दिवशी सांगतात.

मी वच्छलाला सांगितलं नाही.

विसरले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावलं. विसरले कुठली! ती माझ्या हाताकडे टक लावून बघायची तेव्हा मी जरा वळून बसायची — विसरलेला माणूस वळून बसतो का? शेवटी ती पट्टी घेऊन आली. "वहिनी, पाहा ना, हे भोकं काहून पडून राहिले?" मी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली, सुस्कारासुद्धा टाकला, आणि म्हटलं, "तुहा हातच तसा आहे वच्छला. मागावर बसलेला हात हा. त्याले नाही जमत लोकर."

तिला पटलं. हेच मला सोसत नाही — तिला पटलं. आठवडाभर ती उसवत राहिली, विणत राहिली, लोकर पार पिंजून गेली. मी तिच्यासमोर बसून गरम भात खायची. एक शब्द पुरला असता.

तरी शेवटी भोकांची पट्टी घेऊनच ती गांधीबागेत गेली आणि पायी परत आली. दुकानवाली हसली होती म्हणे. "ये क्या, मच्छरदानी बुनके लाई?" हे सांगताना वच्छलाही हसली आणि भांडी घासायला बसली. मला वाईट वाटलं का? सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मी तिला माझं एक चांगलं लुगडं काढून दिलं. ती माझ्या पाया पडली.

पुढे कोणी विणकामाचं नाव काढलं की म्हणायची, "माह्या हाताले नाही जमत बाई ते." तिची पोरगी आमच्याकडे दबून वाढली आणि पहिलं सांगून आलेलं स्थळ पाहून लहान वयातच उजवली गेली.

त्यानंतर एकदा माझी धाकटी, दहावीत असताना, शाळेतून विणकाम घेऊन आली. वच्छला तांदूळ निवडत होती. पोरीनं बळेच तिच्या हातात सुया दिल्या. नको नको म्हणत तिनं एक ओळ सुलट घातली, मग उलट घालायला लागली — आणि पोरगी ओरडली, "असं नाही आत्या! लोकर आधी पुढं घ्या लागते. हे पाह्य!"

वच्छलानं पाहिलं. मग स्वतः करून पाहिलं. भोक पडलं नाही. मी दारात उभी होते. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही — राग असता तर मी भांडले तरी असते. नुसतं बघितलं.

"तुले असं चुकीचं कोणं शिकवलं आत्या?"

"कोणंच नाही बेटा," ती म्हणाली. "माह्या मनानंच करत होती मी."

आणि सूप पुढे ओढून पुन्हा तांदूळ निवडू लागली.

मी दारातूनच मागे फिरले. त्यानंतर ती आमच्याकडे पुष्कळ वर्षं जगली, शेवटपर्यंत त्याच स्वयंपाकघरात, आणि मी रोज तिच्या हातचं जेवले.