कोरड्या नळांची मास्तरीण

इमारतीच्या जिन्यावरून पाणी खाली उतरत होतं. त्याचा उगम माझ्या स्वयंपाकघरात होता आणि कारण मी होतो. ठिबकणारा नळ जरा आवळावा म्हणून पाना लावला, तर नळच हातात आला. इमारतीचा सेक्रेटरी या नात्याने सहा वर्षं मी प्लंबर ठेवू दिलेला नाही. दर सभेत म्हणतो, "मी आहे ना!" बायकोने भिंतीच्या भोकात माझाच टॉवेल कोंबला आणि मास्तरीणबाईंना फोन लावला.

मास्तरीणबाई मागच्या गल्लीतल्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात नळकाम शिकवतात. नवरा प्लंबर. बारा वर्षं त्या त्याच्यामागे बॅटरी धरून उभ्या राहिल्या. त्याची कंबर धरली तेव्हा तो मोरीच्या दारात आडवा पडून सूचना द्यायला लागला आणि बाईंनी पाना उचलला. महिनाभरात सूचनाही त्याच देऊ लागल्या. केंद्राला शिक्षक हवा होता, पण बाईंकडे प्रमाणपत्र नव्हतं. साहेबांनी त्यांना त्यांच्याच वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसवलं. सहा महिने स्वतःच शिकवलं, स्वतःच हजेरी दिली, आणि परीक्षेत बाई दुसऱ्या आल्या.

केंद्रात अनुदानातून चाळीस नळ आले, भिंतीवर ओळीने बसले. पाण्याच्या जोडणीला वेगळं अनुदान लागतं, ते वरच्या टेबलावर अजून वाळत पडलंय. तेव्हा आसपास कुठे काही फुटलं की बाई अख्खा वर्ग घेऊन धावतात.

आज मात्र मागे एकटे टायपिस्ट काका. वय त्रेपन्न, कचेरीने आधी टाइपरायटर मोडीत काढला, मग काकांना.

"बाकीचा वर्ग कुठाय?" मी विचारलं.

"तेरा जण लागले कामाला, सहा जण पळाले. हे चौदावे." बाईंनी पदर खोचला. "चौदा लागले तर पुढच्या वर्षी केंद्र चालू. नाहीतर शुक्रवारी कुलूप."

"ते राहू द्या, आधी मेन कॉक बंद करा."

"थांबा हो सेक्रेटरी. बंद केल्यावर ह्यांनी काय शिकायचं? कोरडे नळ आमच्याकडे चाळीस आहेत."

काकांनी टॉवेल ओढला. पाण्याने थेट तोंडावर स्वागत केलं. काकांनी शांतपणे चष्मा काढून खिशात ठेवला आणि नव्या नळाला पांढरी टेप गुंडाळायला घेतली, न बघता, नुसत्या बोटांनी.

"उघडा ठेवून लावा," बाई म्हणाल्या. "पाण्याला वाट दिली की ते भांडत नाही."

पहिला फेरा उलटा गेला. दुसऱ्या खेपेला नळ बसला, काकांनी तो बंद केला, आणि घरात इतकी शांतता पसरली की बायकोचा सुस्कारा मला ऐकू आला.

मी उदार झालो. "काका माझ्याकडे नोकरीला आहेत असं लिहून देतो. इमारतीचा शिक्का आहेच."

"आमचे चाळीस नळ कागदावर चालतात, सेक्रेटरी. माणूस तरी खरा लागू दे."

"मग खराच ठेवा की कामावर," बायको म्हणाली. "आत्ता सभा घेतली तरी चालेल, सगळे जिन्यातच आहेत."

जिन्यात खरोखरच अख्खी इमारत केरसुण्या घेऊन उभी होती. "मंजूर," खालच्या मजल्यावरून आवाज आला. हात वर करायला कुणाचा रिकामा नव्हता, एवढंच.

खिळ्यावरची टाकीची किल्ली मी काढली. सहा वर्षांत तिला मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली, चष्मा लावून नीट पाहिली आणि विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

"आठला," बायकोने परस्पर सांगितलं.

मला जरा पोरकं वाटलं. "आणि मी काय करायचं, मास्तरीणबाई?"

"आधी तो हातातला पाना खाली ठेवायचा."