फसलेला ब्राउझर

राजुऱ्याला बसस्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा तो पन्नाशीचा माणूस मला एकदाच भेटला. मी रेल्वेच्या तिकिटाची प्रिंट घ्यायला गेलो होतो. कळफलकाला हात लावण्याआधी तो दरवेळी दुपट्ट्याला बोटं पुसायचा.

पडद्याकडे पाहून मी चाटच पडलो. जगभरचे हौशी लोक फुकटात घडवत असलेला तो अर्धाकच्चा ब्राउझर तिथे चालू होता. मीही त्यावर काम केलं होतं, मग कंटाळून सोडलं.

"हा फसलेला प्रयोग आहे. यात बँकेची साइटही उघडत नाही," मी शहाणपणा केला.

"नाई उघडत, भाऊ. पन हे पाहा." त्याने गोंडी लिपीतलं पान उघडलं. अक्षर न् अक्षर जागेवर होतं. "पयले अक्षराईच्या जागी नुसते डब्बे दिसत. मी ब्राउझरवाल्याईले कळवलं, तं एकानं लिवलं, 'ही लिपी वापरणारे किती? जमणार नाही.' मंग दोन वर्सं शिकलो आन् मीच दुरुस्त केलं. त्याईनं घेतलं बी. आता फसला काऊन म्हनता?"

त्याने तो जुना नकार उघडून दाखवला. खाली माझं नाव होतं.

"तुमचं नाव काय, भाऊ?"

मी खोटं सांगितलं. त्याने प्रिंटरमधून माझं तिकीट काढलं, त्यावरचं नाव वाचलं, बोटं पुसली आणि तिकीट माझ्या हातात दिलं.