आबांची जास्तीची मूठ

माझे वडील लोटन पाटील, आमचे आबा, अमळनेरच्या कॉलेजातून निघाले आणि इंजिनिअर होऊन इराकला पोचले. तिथून लिबिया, मग टांझानिया. पूल बांधणं हा त्यांचा धंदा. लिबियात वाळूच्या वादळात जीप अडकली, तेव्हा दोन दिवस नुसत्या खजुरावर काढले. टांझानियात तराफा उलटला आणि शेजारी बघतात तर मगर. ही गोष्ट सांगताना मगर दर वेळी थोडी लांब व्हायची. आई म्हणायची, "आता पुरे करा, नदीत मावायची नाही." डांबराच्या भट्टीवर वांगी भाजून तिकडच्या साहेबांना भरीत खाऊ घालणारा हा माणूस.

मला मात्र एक कोडं कधी सुटलं नाही. आबा दिवाळीला आल्याचं मला आठवत नाही. सुट्टी मागायचे ती श्रावणात, आमच्याकडे कानबाई देवी बसवतात त्या सणाला. देवाधर्माचं म्हणाल तर सगळा आनंदच. एकादशीला उपाशी आईसमोर बसून आम्लेट हाणायचे. पण कानबाईला कुठूनही हजर. टांझानियात त्यांना मोठ्या पदावर बसवत होते, फक्त श्रावणात सुट्टी मिळणार नाही म्हणाले, तर हे नोकरीच सोडून आले. भावकीनं डोक्याला हात लावला. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणे, "गहू मोजायला नको का कुणी?"

हे गहू मोजणं म्हणजे काय, ते सांगते. कानबाईच्या आधी आमची भावकी धरणगावजवळच्या गावी जमते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे, ते दळून रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मोजायचा मान थोरल्याचा, म्हणजे आबांचा. बायकांच्या नावानं मूठ नाही. चुलीपुढे भाजून निघायचं आम्ही आणि मोजायचं यांना. कळायला लागल्यापासून मी यावरून भांडत आले. आबा सगळं ऐकून घ्यायचे आणि गालातल्या गालात हसायचे. त्या हसण्याची मला भयंकर चीड यायची.

त्यात गंमत अशी, की आबांचं मोजमाप दर वर्षी चुकायचं. खिशात टेप घेऊन हिंडणारा माणूस, लग्नाला गेला तरी मांडवाचे खांब मोजून येणार. आणि इथे पीठ हिशोबापेक्षा जास्त निघायचं, रोट उरायचे. कडक झालेले तुकडे दुधात बुडवून बुडवून सगळे संपवायचे. आबांचे धाकटे भाऊ कौतिककाका चिडवायचे, "भाऊ, तुमचे पूल उभे कसे राहतात हो?" आबा आणखी एक तुकडा दुधात बुडवायचे.

आई आधीच गेली होती. दोन वर्षांपूर्वी आबाही गेले, झोपेतच. त्यांना मी एकटीच. लग्न केलं नाही, जळगावला बँकेत नोकरी करते, म्हणजे मी अजून त्याच घरातली. पण घरात आता पुरुष नाही. म्हणजे आमच्या घराची मूठच संपली. आबा गेले तेव्हा रडले नसेन तेवढी मी या विचारानं रडले. गेल्या वर्षी दुःखामुळे कानबाई बसली नाही. यंदा बसणार म्हटल्यावर डोळे पुसले आणि भांडायच्या तयारीनं एसटी धरली. धरणगाव येईपर्यंत कुणाला काय सुनवायचं ते सगळं पाठ झालं होतं.

परातीपुढे कौतिककाका बसले होते. आता थोरले तेच. एकेक नाव घेत ते गहू टाकू लागले. आधी स्वतःचं, मग त्यांच्या मुलाचं, नीलेशचं, मग नीलेशच्या मुलाचं, मग बाकीच्या घरांचं. पुरुष संपले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी आणखी एक मूठ भरली, वर पाव टाकली आणि म्हणाले, "दीपमाला."

दीपमाला म्हणजे मी.

"अण्णा, चुकलं तुमचं," नीलेश हळूच वडिलांना म्हणाला.

"काही चुकलं नही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू जलमनी तवपाईन भाऊ तुनी मूठ टाके. नाव मनमा ले. माले मालूम व्हतं."

म्हणजे मी जन्मले तेव्हापासून आबा मनातल्या मनात माझं नाव घेऊन मूठ टाकत होते. आबा आले नसते तर परात दुसऱ्याच्या हाती गेली असती, आणि माझी मूठ पडली नसती. एवढ्यासाठी हा माणूस समुद्र ओलांडून यायचा. एवढ्यासाठी टांझानियाची नोकरी सोडली. आणि मी त्यांच्याशीच भांडत बसले.

"मला सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतं," काका म्हणाले. "मग भावकीनं टाकू दिली असती का?"

खरंच होतं ते. माझ्या पोटात काही राहत नाही.

कानबाईचं विसर्जन झालं. यंदाही रोट उरले. काकांनी सगळ्यांदेखत उरलेली टोपली माझ्यापुढे सरकवली.

"इतला साल तुना वाटानं आमी बठ्ठासनी खाधं," ते म्हणाले. "आते तू खाय."