दाराआडचा नेम

"आबांच्या मानेला कोयता लागलाय. दवाखान्यात ये," एवढंच बोलून अक्षयनं फोन ठेवला. भर दुपारची वेळ. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सांगलीतल्या एका चौकात दोन तरुणांची जुंपली होती, एकाच्या हातात कोयता होता. तिथंच अक्षयबरोबर चहा पीत असलेले यशवंतआबा सोडवायला धावले. उगारलेलं मनगट त्यांनी धरलंही होतं, पण रेटारेटीत पातं मानेत उतरलं. अक्षयनं आपला शर्ट काढून जखम दाबून धरली होती. व्हरांड्यात तो नुसत्या बनियनवर बसला होता, कोपरापर्यंत रक्त वाळलेलं... त्याला आता सात आठवडे झाले.

आबा पलूसचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर सांगलीत एका इमारतीवर रखवालदार होते, तिथंच आम्ही मित्र दर रविवारी खेळायला जमायचो. खेळ कागद-पेन्सिल आणि फाशांचा. भविष्यातलं एक शहर, अर्धे माणूस अर्धे यंत्र असलेले लढवय्ये, आणि प्रत्येकानं आपल्या लढवय्याच्या वतीनं बोलायचं. नियम लावायचे आणि पुढं काय घडलं ते सांगायचं, हे पंचाचं काम माझ्याकडं होतं. आबा आधी दारात उभं राहून ऐकायचे. मग नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी मागून नेलं आणि महिन्याभरानं पेन्सिलीच्या खुणा करून परत आणलं. त्या दिवसापासून पंच तेच झाले.

आमचे वाद व्हायचे ते नेम धरणाऱ्या यंत्रांवरून. अक्षयच्या लढवय्याच्या डोळ्यात एक यंत्र होतं, दुसरं मनगटातून बंदुकीला जोडलेलं. प्रत्येक यंत्राचे दोन गुण फाशांवर पडलेल्या आकड्यात मिळवायचे. एकदा खेळात डांबून ठेवलेल्या एका मुलीला सोडवायला शिरल्यावर त्यानं बंद दारातूनच गोळी झाडायचं ठरवलं.

"चार गुण धरा," तो म्हणाला. "यंत्राला दाराआडची हालचाल कळते, पुस्तकात लिहिलंय."

"हालचाल कळतीया," आबा म्हणाले. "कोण हाय ते कळतंय व्हय? एक बी गुण न्हाई. आदी दार उघड."

अक्षयनं ऐकलं नाही, तसेच फासे टाकले. गोळी लागली. आबा खालच्या आवाजात सांगू लागले. दाराआड ती मुलगीच होती. तिचा खालचा जबडा उडाला होता, जीभ गळ्यावर लोंबत होती, आणि ती मरत नव्हती, रक्ताच्या बुडबुड्यांतून काहीतरी बोलायला बघत होती... पुरे म्हटलं तरी ते थांबेनात. अक्षय उठला आणि त्यानं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला, उघड्या पुस्तकावर रक्त सांडलं.

आबांनी हात उचलला नाही. "माज्या बंदुकीवर बी लय भारी दुर्बीण हुती गड्या," ते म्हणाले. "नोकरीत, एका गावात. दाराआड काय तरी हललं, मी गोळी घातली. चार तास जित्ती हुती ती बाई. मी शेजारी बसून हुतो."

पुढच्या रविवारी अक्षय त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि फासे पुढं सरकवले. त्यानंतर तो त्यांना सोडून राहिला नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघं पलूसला गेलो. आबांच्या बायकोनं, काकूंनी, चहा दिला. "कसला खेळ खेळायचा रं तुमी?" त्यांनी विचारलं.

"लढाईचा," मी म्हणालो.

त्यांनी रिकाम्या कपबशा गोळा केल्या. मग म्हणाल्या, "घरात कोंबडी कापायची म्हटलं की हे उठून शेताकडं जायाचे. समदं शिजल्यावर मी हाक मारायची, तवा माघारी यायाचे. परवा पावणे आल्ते, कोंबडी केली... आन् हाक मारायला मी बांधापतूर गेले."